डाव्या हातासाठी घडीचा चाकू : तो दुर्मीळ का आहे आणि निवडावा कसा

प्रश्न असा आहे : डाव्या हाताने काम करणाऱ्या माणसासाठी खास बनवलेले घडीचे चाकू बाजारात इतके तुरळक का असतात, आणि ज्या चाकूंवर ‘दोन्ही हातांसाठी’ असे लिहिलेले असते, ते डाव्या हातात खरोखर तितकेच सुरक्षित असतात का? घडीचे चाकू खोलून साफ करणे, त्यांची लॉक दुरुस्त करणे आणि पात्यांना धार लावणे हे माझे रोजचे काम आहे आणि मी स्वतः डावखुरा आहे. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मी जरा विस्ताराने देतो. बहुतेक सल्ले चाकू उघडायचा कसा यावरच थांबतात. खरी अडचण मात्र चाकू उघडल्यानंतर, म्हणजे उघडलेले पाते मिटू न देणाऱ्या लॉकपाशी सुरू होते.

पुढचे सगळे नीट कळावे म्हणून आधी एक गोष्ट ठरवून घेऊ. चाकू उघडा आहे, पात्याचे टोक आपल्यापासून दूर आहे आणि धार खाली जमिनीकडे आहे, अशा स्थितीत आपल्या डावीकडची ती चाकूची डावी बाजू आणि उजवीकडची ती उजवी. चाकू उजव्या हातात धरला तर अंगठा डाव्या बाजूवर येतो, मूठ तळहाताला आणि बोटांच्या मुळांना उजव्या बाजूने टेकते. डाव्या हातात हे सगळे उलटे होते. घडीच्या चाकूतील जवळजवळ प्रत्येक भाग, खाच, स्टड (अंगठ्याने पाते उघडण्याची खुंटी), लॉक, खिशाला अडकवायची क्लिप, इतकेच काय पात्यावरचे कंपनीचे नाव, हे अंगठा डावीकडे असणार असे गृहीत धरून बसवलेले असतात.

जुन्या पद्धतीच्या, लॉक नसलेल्या खिशातल्या चाकूपासून सुरुवात करतो, कारण हा पक्षपात तिथूनच आला आहे. पाते बाहेर काढण्यासाठी त्यावर नख अडकवण्याची जी खाच असते, ती डाव्या बाजूला कोरण्याची रीत आहे. उजव्या हाताचा माणूस मिटलेला चाकू डाव्या हातात धरतो, उजव्या अंगठ्याचे नख खाचेत घालतो आणि पाते वर खेचतो. डावखुऱ्याने हीच कृती हात बदलून केली, तर त्याच्या डाव्या अंगठ्यासमोर पात्याची कोरी बाजू येते आणि खाच पलीकडे तर्जनीच्या बाजूला जाते. तर्जनीच्या नखात अंगठ्याइतका जोर नसतो, आणि पाठीची स्प्रिंग ताठ असेल तर नख निसटून पाते परत मिटते. यात बोट कापले जाण्याचा संभव कमी असला, तरी नख तुटण्याचा भरपूर असतो. फ्रान्समधील ओपिनेलचा चाकू 1890 पासून बनतो आहे. त्याच्या नेहमीच्या नमुन्यात खाच अशीच एका बाजूला असते, पण त्या कंपनीने आठ क्रमांकाच्या चाकूत उलट बाजूला खाच असलेला डावखुऱ्यांचा नमुनाही काढला आहे. पाते सारखे, मूठ सारखी, फक्त खाच दुसऱ्या बाजूला. इतका लहान बदलही बाकीच्या बहुसंख्य कारखान्यांनी आजवर केलेला नाही, हे मला मनापासून खटकते.

एका हाताने उघडण्याचे चाकू आल्यावर उघडण्यापुरता प्रश्न पुष्कळ सुटला. स्पायडरको या अमेरिकी कंपनीने 1981 मध्ये पात्याला गोल छिद्र आणि मुठीला क्लिप असलेला चाकू आणला. छिद्र पात्याच्या आरपार असल्यामुळे ते कोणत्याही अंगठ्याला सारखेच सापडते. पुढे पात्याच्या दोन्ही बाजूंना बाहेर येणारे स्टड आले, आणि तर्जनीने दाबायचा, पाते मिटलेले असताना मुठीच्या पाठीकडून बाहेर डोकावणारा फ्लिपर आला. तोही मध्यावर असल्याने दोन्ही हातांना सारखा. ‘दोन्ही हातांसाठी’ हे शब्द खोक्यावर छापले जातात ते बहुतेक वेळा एवढ्याच आधारावर. उघडण्याची सोय दुतर्फा झाली, पण आतले लॉक एकतर्फीच राहिले, ही आजच्या बाजाराची खरी स्थिती आहे.

आता लॉककडे येतो. सर्वांत जास्त खपणारी रचना म्हणजे लायनर लॉक. तिची कल्पना विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनची आहे, पण आज आपण वापरतो ते सुधारित रूप मायकेल वॉकर या कारागिराने 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला रूढ केले. मुठीच्या आत दोन्ही बाजूंना धातूचे पातळ पत्रे असतात. त्यांपैकी उजव्या बाजूच्या पत्र्याला उभी चीर देऊन त्याची एक पट्टी आतल्या बाजूला वाकवलेली असते. पाते पूर्ण उघडले की ही पट्टी डावीकडे सरकून पात्याच्या मुळामागे जाऊन बसते आणि पाते मिटू देत नाही. मिटवायचे असेल तेव्हा पट्टी पुन्हा उजवीकडे ढकलायची. उजव्या हाताचा अंगठा डाव्या बाजूवर असल्यामुळे हे ढकलणे त्याला सहज जमते, आणि म्हणून मुठीच्या डाव्या फळीला तिथे अर्धगोल कापून अंगठ्याला वाट करून दिलेली असते.

हाच चाकू डाव्या हातात घेऊन पाहा. अंगठा आता उजव्या बाजूला आहे, म्हणजे पट्टी त्याला ढकलायची नसून नखाने स्वतःकडे ओढायची आहे, आणि तिला धरायला जागाच नाही. त्यामुळे डावखुरे लोक तर्जनीने पट्टी ढकलायला शिकतात. सवयीने ते जमते आणि कित्येक जण ते विलक्षण सफाईने करतात. पण जी तर्जनी पट्टी ढकलून लॉक सोडवते, ती मूठ घट्ट आवळल्यावरही नेमक्या त्याच जागी असते. डाव्या हातात तर्जनी डाव्या बाजूने येऊन मुठीखालून वळते. तिचे मांस त्या अर्धगोल कापातून आत दबते आणि उघड्या पडलेल्या पट्टीला उजवीकडे, म्हणजे लॉक सुटण्याच्या दिशेने, रेटत राहते. उजव्या हातात याच्या अगदी उलट होते : बोटे उजवीकडून येतात आणि त्यांचा दाब पट्टीला आणखी आत बसवतो. उजव्या हाताने मूठ जितकी आवळाल तितके लॉक पक्के होते; डाव्या हाताने आवळाल तितके त्याच्या सुटण्याची शक्यता वाढते.

हे स्वतः तपासून पाहता येते. पाते पूर्ण उघडून लॉक बसल्याची खात्री करा, पात्याचे टोक जुन्या लाकडी ठोकळ्यात जरासे रुतवा, डाव्या हाताने मूठ घट्ट धरून हलकेच पिळा, आणि पट्टीच्या टोकाकडे चांगल्या उजेडात वरून बघा. बोटे पात्याच्या मिटण्याच्या वाटेत येणार नाहीत अशी धरा आणि पाते मिटण्याच्या दिशेने जोर देऊ नका. पट्टी केसभर जरी उजवीकडे सरकताना दिसली तरी तो चाकू डाव्या हाताने जोराच्या कामाला वापरू नये. नव्या, ताठ पट्टीच्या चाकूत हे सहसा दिसणार नाही. पट्टी पातळ असेल, तिची पकड पात्याच्या मुळाच्या काठाशीच असेल किंवा अर्धगोल काप मोठा असेल तर हटकून दिसते. डावखुऱ्याने वर्षानुवर्षे वापरलेला लायनर लॉक दुरुस्तीला येतो तेव्हा मी तो खोलण्याआधीच ओळखतो. पट्टीवर अंगठ्यासाठी पाडलेले दाते कोरे करकरीत असतात, आणि त्यांच्या थोडे पुढे, जिथे तर्जनी लागते तिथे, धातूची कड गुळगुळीत होऊन चकाकत असते.

फ्रेम लॉक हा याच कुळातला. त्यात वेगळा पातळ पत्रा नसून मुठीची उजवी बाजूच चिरून पट्टी केलेली असते. ख्रिस रीव्ह यांच्या सेबेन्झा या चाकूमुळे ही रचना नावारूपाला आली. पट्टी जाड असल्यामुळे ती सहजासहजी ढळत नाही, म्हणून डाव्या हातात हा प्रकार लायनर लॉकपेक्षा बरा. पण उजव्या हाताच्या बोटांची मुळे पट्टीवर सरळ दाब देऊन तिला आधार देतात, तो आधार डाव्या हाताकडून फारसा मिळत नाही. तिथे फक्त बोटांची टोके पोचतात. सोडवण्याची गैरसोय तर तशीच राहते.

यावर साहजिक शंका येते की कंपन्यांनी ती पट्टी उचलून डाव्या बाजूला बसवली तर काय बिघडले? अडचण अशी की पट्टी एकटी हलत नाही. पात्याच्या मुळाचा जो पृष्ठभाग पट्टीला टेकतो, तो सरळ नसून काही अंशांच्या तिरक्या उतारात घासलेला असतो, आणि हा उतार पट्टी ज्या बाजूने येते त्या बाजूला अनुसरून असतो. शिवाय मिटलेले पाते खिशात आपोआप उघडू नये म्हणून पट्टीवर एक बारीक गोळी बसवलेली असते आणि ती पात्याच्या उजव्या अंगावरील बारीकशा छिद्रात अडकते. पट्टी डावीकडे नेली की उतार उलटा हवा, छिद्र दुसऱ्या अंगावर हवे, अर्धगोल काप दुसऱ्या फळीत हवा, क्लिपची भोके दुसरीकडे हवीत. म्हणजे पाते, दोन्ही पत्रे आणि दोन्ही फळ्या असे सगळेच भाग वेगळे बनवावे लागतात, त्यांचा साठा वेगळा ठेवावा लागतो, आणि जुळणी करणाऱ्या कामगाराला रोजच्या सवयीच्या उलट हात चालवावा लागतो. संगणकाने चालणाऱ्या यंत्रात आराखडा उलटा करणे सोपे आहे. महाग पडते ते यंत्राची मांडणी बदलणे, थोड्या नगांसाठी ती पुन्हा जुळवणे आणि तयार माल न विकता पडून राहणे.

जगात साधारण दहापैकी एक माणूस डावखुरा असतो. हा आकडा लहान नाही, पण दुकानदार ज्या हिशेबाने माल मागवतो त्यात तो आणखी आक्रसतो. डावखुऱ्यांतले अनेक जण लहानपणापासून उजव्या हाताच्या वस्तूंशी जुळवून घेत आलेले असतात. ते उजव्या हाताचाच चाकू विकत घेतात, तर्जनीने लॉक सोडवायला शिकतात आणि तक्रारही करत नाहीत. विक्रीच्या वहीत मग त्यांची नोंद उजव्या हाताचे गिऱ्हाईक म्हणूनच होते. दुकानदार म्हणतो, डाव्या हाताचा चाकू कोणी मागत नाही. गिऱ्हाईक म्हणते, तो कुठे ठेवलेलाच नसतो. दोघेही खरेच बोलत असतात. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की ज्यांना उलट रचनेचा चाकू हवा आहे त्यांनी तो नाव घेऊन मागावा, कंपनीला लिहून कळवावे, आणि एखादा नमुना बाजारात आला की जमल्यास विकत घ्यावा. असे नमुने मर्यादित संख्येने निघतात आणि पहिल्या खेपेला उठाव मिळाला नाही तर दुसरी खेप निघत नाही.

खरोखर डाव्या हातासाठी बनवलेले चाकू अगदीच नाहीत असे नाही. ख्रिस रीव्ह यांच्या कारखान्यातून सेबेन्झा डाव्या रचनेत मिळत आला आहे. स्पायडरकोने पॅरामिलिटरी 2 हा आपला लोकप्रिय चाकू पूर्णपणे उलट्या रचनेत काढला. मात्र हे दोन्ही चाकू स्वस्त नाहीत. मधल्या आणि खालच्या किमतीच्या चाकूंत ही सोय जवळपास नाहीच, आणि पहिला चाकू घेणारा माणूस नेमका त्याच किमतीत शोधत असतो. हाताने चाकू घडवणारे स्वतंत्र कारागीर याला चांगला पर्याय आहेत; त्यांच्याकडे प्रत्येक चाकू वेगळाच बनत असल्यामुळे उलटी रचना करायला कारखान्याइतका जादा खर्च येत नाही. पण तिथे दर मुळातच वरचा असतो आणि थांबावेही लागते.

म्हणूनच बहुतेक डावखुऱ्यांना मी उलट रचनेच्या मागे न लागता मुळातच डावे-उजवे नसलेले लॉक निवडायला सांगतो. यांतले सर्वांत जुने आणि माझ्या मते अजूनही सर्वांत कमी लेखले गेलेले म्हणजे बॅक लॉक. यात मुठीच्या पाठीवर लांबीच्या दिशेने एक दांडी असते, तिचे पुढचे टोक पात्याच्या मुळातील खाचेत बसते आणि मागे पाठीवरच दाबून ते सोडवतात. 1964 मध्ये आलेल्या बक 110 या चाकूने ही रचना घरोघरी नेली. लॉक अगदी मध्यावर असल्याने कोणत्या हाताने मूठ आवळली याने काहीच फरक पडत नाही. फक्त बक 110 सारख्या जुन्या धाटणीच्या चाकूत पात्यावरची खाच डाव्या बाजूलाच असते, हे ध्यानात ठेवावे. स्पायडरकोच्या डेलिका आणि एंडुरा या चाकूंत हेच लॉक गोल छिद्रासह येते आणि क्लिप चारही ठिकाणी लावता येते, त्यामुळे मर्यादित खर्चात पहिला चाकू घेणाऱ्या डावखुऱ्याला मी प्रथम हीच नावे सांगतो. कोल्ड स्टील कंपनीचे ट्राय-अ‍ॅड लॉक, जे अँड्र्यू डेमको यांनी रचले, ते याच तत्त्वावर असून मध्ये एक आडवी पिन घातल्याने अधिक भार सोसते. जोराचे काम असेल तर ते घ्यावे, मात्र त्याची स्प्रिंग सुरुवातीला अंगठ्याला जड जाते.

दुसरा चांगला प्रकार आडव्या दांडीच्या लॉकचा. बेंचमेड कंपनीने 1998 मध्ये अ‍ॅक्सिस या नावाने तो बाजारात आणला. रचना बिल मॅकहेन्री आणि जेसन विल्यम्स यांची. मुठीच्या आरपार जाणारी छोटी पोलादी दांडी स्प्रिंगच्या जोरावर पुढे सरकून पात्याच्या मुळावर बसते आणि दोन्ही बाजूंना बाहेर आलेल्या तिच्या टोकांना मागे ओढून लॉक सुटते. अंगठा कोणत्याही बाजूला असो, हालचाल तीच राहते; शिवाय मिटवताना एकही बोट पात्याच्या वाटेत आणावे लागत नाही. मूळ पेटंटची मुदत संपल्यावर इतर अनेक कंपन्यांनी हे लॉक स्वीकारले आणि ते कमी किमतीच्या चाकूंतही आले. डावखुऱ्यांच्या दृष्टीने अलीकडच्या काळात इतका उपयोगाचा बदल दुसरा झालेला नाही. याचा नाजूक भाग म्हणजे आतल्या दोन बारीक तारांच्या स्प्रिंग. त्यांतली एक तुटली तरी दुसरीवर लॉक चालू राहते, पण तेव्हा चाकू दुरुस्तीला द्यावा, तसाच वापरत राहू नये.

ओपिनेलवर 1955 पासून असलेली, पाते अडकवणारी फिरती कडी कोणत्याही हाताने फिरवता येते, फक्त तिला दोन्ही हात लागतात. बटण लॉकचे बटण सहसा डाव्या बाजूला असते. ते तर्जनीने दाबता येते, पण मूठ आवळताना तर्जनी त्यावर टेकते का हे घेण्याआधी पाहायलाच हवे.

क्लिपकडे लोक दुर्लक्ष करतात आणि मला ते धोक्याचे वाटते. उजव्या खिशासाठी लावलेली क्लिप चाकूच्या उजव्या बाजूला असते. मिटलेल्या पात्याचे टोक वर ठेवून असा चाकू उजव्या खिशात अडकवला की मिटलेल्या पात्याची पाठ खिशाच्या बाहेरच्या शिवणीला टेकून राहते आणि ती शिवण पात्याला उघडू देत नाही. तोच चाकू क्लिप न बदलता डाव्या खिशात अडकवला तर पात्याची पाठ खिशाच्या मधल्या मोकळ्या जागेकडे येते. पाते किंचित जरी उघडले, तरी रुमाल काढायला खिशात घातलेला हात सरळ धारेवर जातो. तेव्हा डाव्या खिशासाठी क्लिप चाकूच्या डाव्या बाजूलाच हवी, याला अपवाद नाही. क्लिप बदलण्याची भोके आहेत का ते घेण्याआधी बघावे. स्क्रू बहुधा टॉर्क्स टी6 किंवा टी8 मापाचे असतात आणि कारखान्यात चिकटद्रव्य लावून घट्ट केलेले असतात. जोर लावून त्यांची डोकी खराब करण्यापेक्षा आधी थोडी उष्णता द्यावी, म्हणजे ते द्रव्य मऊ होते. जिथे भोके नाहीत तिथे स्वतः पाडण्याच्या फंदात पडू नये, कारण आत पट्टीला सरकायला ठेवलेल्या जागेत स्क्रूचे टोक घुसले की लॉक अडते. अशा वेळी चाकू म्यानात ठेवणे चांगले.

धारेचाही एक डावा-उजवा असतो. बहुतेक पाती दोन्ही बाजूंनी सारखी घासलेली असतात, त्यांत प्रश्न नाही. पण काही पाती एकाच बाजूने घासलेली असतात आणि दातेरी धारेचे दाते तर नेहमीच्या रीतीप्रमाणे एकाच बाजूने पाडतात. असे पाते कापताना सपाट बाजूकडे ओढ घेते. उजव्या हाताला उतार उजव्या बाजूला असलेला बरा, डाव्याला डाव्या बाजूला. गंमत अशी की चाकू बनवणारे अर्नेस्ट इमर्सन यांच्या एका बाजूने घासलेल्या प्रसिद्ध पात्यांचा उतार डाव्या बाजूला असतो; बारीक चकत्या करण्याच्या कामात ही पाती उजव्या हातापेक्षा डाव्या हातालाच जास्त जुळतात. दातेरी धार हवी असेल तर ती पूर्ण लांबीची घेण्याआधी दाते कोणत्या बाजूला आहेत ते उजेडात धरून पाहावे. साध्या धारेच्या पात्याचा उतार मात्र धार लावणाऱ्याकडून हळूहळू बदलून घेता येतो. दोन-चार वेळा धार लावताना एका बाजूला थोडे जास्त घासले की ओढ कमी होते.

निवड शेवटी कामावर ठरते. पार्सल उघडणे, फळे चिरणे, पेन्सिल तासणे एवढेच काम असेल तर दोन्ही हातांनी उघडायचा, लॉक नसलेला किंवा कडीचा चाकू पुरतो आणि एका हाताने उघडण्याचा हट्ट धरू नये. ब्रिटनमध्ये तर सबळ कारण नसताना फक्त लॉक नसलेला आणि तीन इंचांपर्यंत धारेचा घडीचा चाकूच जवळ बाळगता येतो. तिथल्या डावखुऱ्याने नखाच्या खाचेऐवजी पात्याला छिद्र असलेला चाकू पाहावा. याउलट ज्यांचा एक हात दोरावर, शिडीवर किंवा फांदीवर अडकलेला असतो, अशा खलाशांना, झाडांवर चढून काम करणाऱ्यांना, बचावकार्य करणाऱ्यांना एका हाताने उघडणे, धरणे आणि मिटवणे या तिन्ही गोष्टी डाव्या हाताने जमल्याच पाहिजेत. त्यांनी बॅक लॉक किंवा आडव्या दांडीचे लॉक घ्यावे, किंवा पैसे साठवून पूर्ण उलट्या रचनेचा चाकू घ्यावा. उजव्या हाताच्या लायनर लॉकवर त्यांनी भिस्त ठेवू नये, तो कितीही नामांकित असला तरी. हीच गोष्ट उजव्या हाताच्या माणसालाही लागू पडते, कारण उजव्या हातात दुसरे अवजार असताना किंवा तो हात जखमी असताना चाकू डाव्याच हाताने काढावा लागतो.

कारागिराकडून चाकू करून घेणार असाल तर नुसते ‘डाव्या हाताचा’ एवढे सांगून थांबू नका, कारण पुष्कळ जण तेवढ्यावर फक्त क्लिप बदलून देतात. लॉकची पट्टी डाव्या बाजूला, अंगठ्याचा काप उजव्या फळीत, गोळीचे छिद्र पात्याच्या डाव्या अंगावर, क्लिप डाव्या बाजूला, आणि खाच किंवा एकच स्टड असेल तर तो उजव्या बाजूला, असे लिहून द्या. चाकू हातात आला की वर सांगितलेली ठोकळ्याची तपासणी आधी करा आणि मगच त्याला कामाला लावा.